चौदा महिन्यांच्या नोंदी

बाबा गेल्यानंतर दीड महिन्याने, दोन हजार सातच्या डिसेंबरात, मी त्यांच्या वह्या खराडीच्या ऑफिसात नेल्या. शिरूरकडच्या पाच विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट ते निवृत्तीपासून दरमहा मोजत. एसटीने जायचे आणि छोट्या पेटीतली रसायनं वापरून बांधावरच तपासायचे. आमचं काम संगणकावर शेत उभं करण्याचं: युरिया इतका घातला तर ऊस किती येईल आणि विहिरीत काय उतरेल. अकरा वर्षांच्या सलग नोंदी दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. अहवालाच्या पहिल्या पानावर बाबांचं नाव छापायचं ठरलं होतं.

पहिली दहा वर्षं आमच्या संगणकातल्या मॉडेलशी जुळली. प्रत्येक पावसाळ्यानंतर आकडा चढायचा, उन्हाळ्यात उतरायचा. शेवटचे चौदा महिने मात्र पाचही विहिरी अडतीस, एकोणचाळीस, अडतीस.

"विहिरींनी व्हीआरएस घेतली वाटतं," सलिल म्हणाला. तो माझ्या हाताखाली होता, टोमणे मात्र वरच्या पदाचे.

त्या चौदा महिन्यांतली पहिली तारीख आदल्या वर्षीची, नऊ ऑगस्ट. 'ढगाळ. ३८.' त्या दिवशी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं आणि मी बाहेर बाकावर बसले होते.

ते पडल्यावर त्यांचं जाणं मीच बंद केलं. "माझी शपथ आहे, बाबा."

"ठीक. आता विहिरींनाच गॅलरीत बोलावून घेतो," ते म्हणाले होते. मी हसले होते.

या नोंदी ठेवल्या तर मॉडेल सांगणार होतं की युरिया वाढवा, पाण्याला काही होत नाही. ते पाणी गाव पितं.

"हे महिने काढ," मी म्हटलं.

"कारण द्यावं लागेल. 'तपासणी पेटीत बिघाड' लिहू? तुमच्या बाबांचं नावही राहील."

पेटी एकच होती. ती बिघडली म्हटलं की आधीची दहा वर्षंही गेली. उन्हाचिखलात काढलेली, खरी. मी दुसरं वाक्य शोधत बसले. मिळेना.

"लिही. या काळात नोंद करणारी व्यक्ती विहिरींवर गेली नव्हती. आकडे अंदाजाने भरले आहेत. मुलीने त्यांना घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं."

सलिलचे हात थांबले. "शेवटचं रिपोर्टमध्ये नाही चालणार, मॅडम."

"मग बाकीची दोन ठेव."

त्याने ती टाइप केली. "आणि पहिल्या पानावरचं नाव?"

"राहू दे," मी म्हटलं. "शेजारी या तळटीपेची खूण दे."