बिनतारी फोनचा अंगरखा

जुना फोन बोळातल्या भिंतीवर होता आणि ताई पडली होती स्वयंपाकघरात. मध्ये अंतर अवघे अकरा पावलांचे. परंतु चक्कर येऊन जमिनीला खिळलेल्या माणसाला अकरा पावले म्हणजे परमुलूखच. बापू कामावरून परतला तेव्हा ती तीन तास तशीच, गार फरशीला गाल टेकून पडलेली होती. "आलास का," एवढेच ती म्हणाली, जणू दोष काय तो त्याच्या उशिरा येण्याचा होता.

त्या दिवसापासून बापूच्या जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही. त्या घरात ती दोघेच राहत, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. धाकट्याचेही केस एव्हाना पांढरे झालेले. बापू पुस्तकांची बांधणी करणारा बाइंडर होता. ताईसाठी तो तीन आठवडे घरी बसला. अखेर मालकांचा निरोप आला की सोमवारी यायचे तर यावे, नाहीतर दुसरा माणूस बघतो. जाणे भाग होते. आणि ताईच्या हाताशी, उठता-बसता, हाक मारण्याचे साधन असल्याखेरीज त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नव्हता. म्हणून रविवारी सकाळी त्याने बिनतारी फोन आणला.

खोक्यातून तीन वस्तू निघाल्या. एक बैठक, जिची एक तार विजेला आणि दुसरी फोनच्या खाचेत जोडायची. एक हँडसेट, जो घरभर खुशाल हिंडवावा. आणि एक माहितीपुस्तिका. आता बापूची सवय अशी, की न बांधलेले पुस्तक तो वाचत नसे. सुट्या पानांतले ज्ञान सुटेच राहते, अशी त्याची दृढ समजूत होती. त्याने खळ कालवली, पुठ्ठा कापला, पहिल्या पानावर नुसते फोनचे चित्र पाहून ते पान अस्तराखाली रीतसर चिकटवले आणि पुस्तिका इस्त्रीखाली दाबून ठेवली. ती वाळेपर्यंत त्याने दहा वेळा तरी घड्याळ पाहिले.

मग मात्र त्याने शब्द न् शब्द वाचला. हँडसेटमध्ये सोबत दिलेलेच सेल घालावेत, साधे सेल घातल्यास ते फुटण्याचा संभव आहे. पहिल्या वापरापूर्वी सोळा तास चार्ज करावा. बैठक पाण्यापासून, शेगडीपासून व टीव्हीपासून दूर ठेवावी. हे वाचून त्याने बैठक खिडकीतून उचलून कपाटावर नेली, कपाटावरून स्टुलावर, स्टुलावरून पुन्हा कपाटावर.

"फोन मांडतोयस की नवरी बसवतोयस?" ताई म्हणाली. "एका जागी ठेव की मेल्या. मला बघूनच गरगरतंय."

"गरगरतंय? खरंच?"

"अरे, बोलायची रीत असते एक!"

पण बापूचे समाधान होईना. हँडसेट तिच्या हातून पडला तर? फुटला तर? विचारासरशी त्याने जुन्या वह्यांतून उरलेले मरून रेक्झिन काढले आणि हँडसेटला अंगरखा शिवला. कानापाशी भोके, बटणांपुरत्या खिडक्या, कमरेला अडकवायला बंद; आणि तळाशी मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिवण, अशी की बांधणीतल्या कोणत्याही माणसाने मान डोलवावी. एक हा आकडा दाबून धरला की थेट त्याच्या कामाच्या ठिकाणी फोन लागावा, अशी योजनाही त्याने पुस्तिकेबरहुकूम करून ठेवली. खाच एकच असल्यामुळे जुना फोन उतरवून त्याने बोळातल्या खालच्या खणात टाकला.

बैठकीवरचे शोधाचे बटण त्याने दाबताच, नव्या सेलांत मुळात होती तेवढ्या विजेवर, ताईच्या कमरेला घंटी खणखणली.

"अगं बाई गं! गाईच्या गळ्यात बांधतात तसं झालं हे."

"हरवली की सापडशील."

"फोन सापडेल. मी कुठे जाणार आहे?"

संध्याकाळी पाचला हँडसेट बैठकीवर बसवला. अंगरख्यामुळे तो किंचित रेटावा लागला, पण बसला. बैठकीवरचा तांबडा दिवा लागलेला पाहून बापूने सुस्कारा टाकला. सकाळी नऊला सोळा तास पुरे झाले, तसा त्याने हँडसेट ताईच्या कमरेला अडकवला, "एक दाबायचा, लक्षात आहे ना?" असे चारदा विचारले आणि तो गेला.

मालकांच्या टेबलावर कामाचा फोन होता. बापूचे डोळे शिवायच्या पानांच्या फर्म्यांवर आणि कान त्या टेबलावर. दहा वाजता न राहवून त्याने घरी फोन लावला. घंटी वाजली, वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

"न्हाणीत असतील," शेजारी वह्या शिवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"न्हाणीपाशीही न्यायचा असं ठरलंय. दाराबाहेर खिळ्याला अडकवायचा."

"तुम्ही म्हणजे अगदी कमालच, बाई! जरा धीर धरा."

दहा मिनिटांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. बापूची सुई बोटात घुसली. तिसऱ्यांदा लावला तर घंटीऐवजी टूं टूं टूं, फोन चालू. कोणाशी बोलतेय ताई? की पडता पडता बटण दाबले गेले आणि फोन तसाच उघडा राहिला? त्याच्या डोळ्यांपुढे ती फरशी आणि त्या फरशीवरचा गाल उभा राहिला. चौथ्यांदा, पाचव्यांदा, सातव्यांदा. टूं टूं टूं.

"बापू, तो फोन आहे, हातपंप नाही," मालक म्हणाले. "हलवून पाणी यायचं नाही. घरी जा बघू, इथून मी लावून बघतो."

खळ लागलेल्या हातांनी, कमरेचा फडकाही न सोडता बापू धावला. वाटेत कोणीतरी "काय आग लागली का?" असे विचारले, त्यालाही त्याने मान हलवून हो म्हटले. किल्ली कुलपात फिरेना. फिरली तेव्हा दार ढकलून तो आत शिरला.

ताई बोळात जमिनीवर बसलेली होती. पाठ भिंतीला, पाय पुढे पसरलेले, मांडीवर जुना फोन आणि कानाला त्याचा रिसीव्हर.

"एंगेज!" ती संतापाने म्हणाली. "कधीची लावतेय. कोण मेलं एवढं बोलतंय तुमच्याकडे?"

"मी."

"कुणाशी?"

"तुझ्याशी."

ताईने रिसीव्हर खाली ठेवला. मग तिने सांगितले. डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी ती वेळीच खाली बसली. एक दाबला. दाबून धरला. ना आवाज, ना उजेड. हातात नुसता दगड. तेव्हा ती बसल्या बसल्या सरकत, थांबत, पुन्हा सरकत अकरा पावलांचा तो बोळ ओलांडून खणापर्यंत आली, नव्या फोनची तार तिने उपटली आणि जुन्याची जोडली.

"सोळा तास ठेवला होता," बापू म्हणाला. "मोजून. दिवा होता गं."

"दिवा कुणाचा? बैठकीचाच ना?"

तिला पाणी देऊन, डॉक्टरांना दुपारी यायला सांगून, बापूने पुस्तिका हाती घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोष सापडेना. तेव्हा त्याला अस्तराखालचे ते चित्राचे पान आठवले. चित्रामागे काय होते ते त्याने पाहिलेच नव्हते. किटलीच्या वाफेवर धरून त्याने अस्तर सोडवले. पानामागे ठळक अक्षरांत खबरदारी छापली होती. हँडसेटच्या तळच्या दोन धातूच्या पट्ट्या उघड्या ठेवाव्यात, त्यांवर आवरण घालू नये. वीज गेल्यास हा फोन चालत नाही, म्हणून तारेचा साधा फोन जोडलेला असू द्यावा.

त्याने ते मोठ्याने वाचले, कारण मनातल्या मनात वाचण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

"म्हणजे तू माझं औषध पुठ्ठ्यात चिकटवलंस," ताई म्हणाली. आणि त्याचा चेहरा पाहून, "बरं, शिवण मात्र सुरेख हो. उसवत नाही."

"उसवतो," बापू म्हणाला. सुरीने त्याने तळाची ती दुहेरी शिवण टाका टाका कापून पट्ट्या मोकळ्या केल्या. हँडसेट बसवताच अंगरख्याच्या खिडकीतून एक इवलासा हिरवा ठिपका उजळला, जो काल लागलाच नव्हता. दोन फोन जोडता येतील अशी जोडखाच आणून त्याने जुना फोनही भिंतीवर, ताईचा बसल्या बसल्या हात पोचेल इतक्या खाली ठोकला. डॉक्टरांनी गोळी बदलली. पुढचे सोळा तास बापू त्या हिरव्या ठिपक्यापुढे येरझाऱ्या घालत राहिला.

बुधवारी तो कामावर गेला. ठरले असे, की त्याने फोन लावायचा नाही. दर तासाला ताईनेच एक दाबायचा.

दहाला फोन वाजला. "अजून पडले नाही. ठेवते."

अकरा वाजले. अकरा वाजून चार मिनिटे झाली. बापूचा दोरा सुईत थांबला. शिवणवाल्या बाईही थांबल्या. मालकांनी चष्मा काढला. अकरा सात. बापू फडका सोडू लागला, आणि फोन वाजला.

"अरे, दूध उतू चाललं होतं," ताई म्हणाली. "ते बघू की तुला?"

"मला," बापू म्हणाला, आणि रिसीव्हर ठेवून पुन्हा घड्याळाकडे पाहू लागला.