डोकं न हलवता

उजव्या मुठीत रबरी फुगा – मऊ, दाबला की बाहेर घंटा वाजते, पण घाबरलं तरच दाबायचा – आणि डोळ्यांवरच्या आरशात पडद्यावरचं ते खोटं गाव. मेंदूची चित्रं घेणाऱ्या स्कॅनरच्या बोगद्यात ती आज प्रथमच आडवी झाली होती. एरवी काचेपलीकडे बसून लोकांना सूचना द्यायची. पण प्रयोगासाठी ठरलेला माणूस आलाच नाही, आणि मशीन रिकामं ठेवणं तिच्या जिवावर आलं.

“बेकरीपासून स्टेशनकडे चला,” कानात काकांचा आवाज. मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला सगळी प्रयोगशाळा काकाच म्हणे. “आणि डोकं हलवायचं नाही, बाईसाहेब.”

डाव्या हाताने बटणं दाबत ती निघाली. माणूस वाट कशी लक्षात ठेवतो ते पाहायला तिनेच बनवलेलं हे गाव. बेकरी, पुढे चौक, चौकात कारंजं... आणि सकाळची मेल. पोस्टडॉकची, पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा मिळाली होती. परदेशात, दोन वर्षं, याच विषयावर – मुलगी लहान म्हणून पुढे ढकलत आणलेली जागा – आणि नवऱ्याला अजून पत्ता नव्हता. “भर की अर्ज, मिळतेय कुठे!” तो म्हणाला होता, प्रेमानेच, तोंडात टोस्ट धरून... मला तेव्हा राग आला होता, की सुटल्यासारखं वाटलं होतं? मिळणारच नाही म्हटल्यावर अर्ज भरायला किती हलकं वाटतं...

कारंज्यापाशी वळायचं ते राहूनच गेलं. ती भलत्याच स्वयंपाकघरात उभी होती – तिथल्या, परदेशातल्या, कधी न पाहिलेल्या – चहाचं भांडं डाव्या हाताला, मुलीची सायकल नेमकी पायात येईल अशी, आणि आतून नवरा, “अगं, माझे मोजे?” जुनं आठवायला आणि पुढचं रंगवायला मेंदू बरीचशी तीच जागा वापरतो, हे ती विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायची, आणि आज त्या जागेने तिला न विचारता सामानसुद्धा लावून टाकलं होतं! तिला खुदकन हसू आलं.

“डोकं!” काका ओरडले. “सगळी चित्रं हलली. आणि स्टेशन मागे राहिलं. गाव तुमचंच ना?”

दुसऱ्या फेरीत ती मुकाट्याने स्टेशनवर पोचली. बाहेर येऊन केस सारखे करत तिने नवऱ्याला दवाखान्यात फोन लावला.

“मिळाली. जागा.”

पलीकडे दात कोरायचं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं. “तुला? म्हणजे... मिळायलाच हवी होती! पण माझे पेशंट?”

“दात तिथेही असतात.”

“आ तसाच ठेवा हं,” तो कुणाला तरी म्हणाला, मग तिला, “घरी बोलू. आणि... ऐक, अभिनंदन. खरंच.”

यात होकार नव्हता, नकारही नव्हता. आता न जाण्याची कारणं आठवतील म्हणून ती वाट पाहत व्हरांड्यात उभी राहिली – मुलीची शाळा, त्याचा दवाखाना, सगळं रांगेने येऊन उभं राहिलं – पण त्यातलं एकही तिला अडवेना. सकाळी मनात ‘गेले तर’ होतं. आता त्याचं कधी कोण जाणे ‘नाही गेले तर’ झालं होतं... आणि या दुसऱ्या ‘तर’पुढे, कितीही डोळे मिटले तरी, तिला त्या स्वयंपाकघरासारखं काहीच दिसत नव्हतं.