दोन कणसं

मिस्त्रीची एक रीत होती. शर्यतीच्या सकाळी तो प्रत्येक सायकलवरून अंगठ्याचं नख फिरवायचा, मग नाण्यानं टकटक करून कान लावायचा. कार्बनची सायकल वरून कितीही चकचकीत दिसली, तरी आतून चिरलेली असली की आवाज बद्द येतो. सगळं ठीक असलं की तो एकच शब्द बोलायचा, "बघितली." तो ऐकल्याशिवाय संघातला एकही जण सीटवर बसत नसे. बावीस वर्षांत हा शब्द त्यानं एकदाही खोटा वापरला नव्हता.

संघ शेतकी सहकारी बँकेचा. गेल्या महिन्यात ही बँक शेजारच्या दुसऱ्या शेतकी बँकेत मिळाली आणि चिन्हातल्या एका कणसाची दोन झाली. लग्न बँकांचं, हळद मात्र सायकलींना. काल संध्याकाळी मिस्त्री जेवायला गेला असताना बँकेच्या जाहिरातसाहेबांनी माणसं पाठवून शर्यतीत उतरणाऱ्या सगळ्या सायकलींवर नवी स्टिकरं डकवून घेतली. सकाळी मिस्त्रीनं गाडीचं दार उघडलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

कारण काल वळणावर त्याचा जावई, संघातलाच सायकलपटू, पडला होता. कोपर सोलपटलं, बाकी काही नाही, म्हणून तो हसत उठला. पण पुढचं चाक धरणारा फोर्क कठड्यावर आपटला होता आणि नेमका तोच आता वरपासून खालपर्यंत कणसांखाली झाकला होता. मिस्त्रीनं नख फिरवलं तर हाताला गुळगुळीत स्टिकर लागलं. नाणं वाजवलं तर आवाज बद्द आला. पण एवढ्या जाड स्टिकरवर तो बद्दच येणार.

"साहेब, फोर्कवरचं काढून बघतो."

"परत काय लावाल? जास्तीचं एकही नाही."

"मग राखीव सायकल देतो त्याला."

"तिच्यावर जुनं एकच कणीस आहे," जाहिरातसाहेब मऊ आवाजात म्हणाले. "मिस्त्री, आज शर्यत मुख्य कचेरीसमोरून जाणार. सभासद आत्तापासूनच उन्हात उभे आहेत. आपला संघ ठेवायचा की मोडायचा, हे संचालक आज संध्याकाळी ठरवणार. काय दाखवू त्यांना? सोललेली सायकल?"

संघात तीस माणसं होती, तीस चुली. मिस्त्रीची मुलगी त्याच बँकेत रोखपाल होती. नवऱ्याला बघायला तीही कचेरीच्या पायरीवर उभी राहणार होती. मिस्त्रीनं स्टिकरच्या कडेखाली नख घातलं. कड जराशी उचलली गेली. जाहिरातसाहेब बघत होते. त्यानं अंगठ्यानं ती पुन्हा दाबून बसवली. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि तरी हात थांबला नाही.

जावई हातमोजे चढवत आला. "काय मामा?"

मिस्त्रीनं सायकल त्याच्यापुढे सरकवली. "बघितली," तो म्हणाला.

कचेरीसमोरून जावई सगळ्यांच्या पुढे गेला. सभासदांनी टाळ्या पिटल्या, मुलीनं दोन्ही हात हलवले, संघाच्या गाडीत जाहिरातसाहेबांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. पुढे घाटाचा उतार लागला. मिस्त्री समोरच्या काचेला नाक लावून बसला होता आणि प्रत्येक वळण मोजत होता. सातव्या वळणावर पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकदम लागले.

तो धावत पोचला तेव्हा सायकल रस्त्यात आडवी पडली होती. फोर्क आरपार मोडला होता. दोन तुकडे स्टिकरनंच एकत्र धरून ठेवले होते. कणसं मात्र कुठेच फाटली नव्हती.

जावयाला स्ट्रेचरवर घेतलं होतं. शुद्ध होती, पण डॉक्टर त्याच्या पायांना चिमटे काढत होता आणि पाय हलत नव्हते. शर्यतीचा पंच वाकून विचारत होता, सायकलमध्ये काही दोष होता का.

"नाही," जावई म्हणाला. "सायकल मामांनी बघितली होती. मीच चुकलो असेन."