दोन चमचे टॉनिक

काचवाल्या दादाचं एक गणित होतं. संध्याकाळी प्यायला बसण्याआधी यकृताचं टॉनिक दोन चमचे घ्यायचं, म्हणजे पुढचं सगळं माफ. बाटलीवर ‘पेशींचं रक्षण’ असं छापलं होतं आणि दादानं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

त्याची धाकटी बहीण रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. मागे लागून लागून तिनं त्याचं रक्त काढलं. नळी यंत्रात ठेवल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसली, उठली, धुतलेल्या काचपट्ट्या पुन्हा धुतल्या. यकृताचा आकडा आला तो असायला हवा त्याच्या सहापट. तिनं तपासणी परत लावली. आकडा तोच.

दुपारी ती तडक त्याच्या दुकानात गेली. दादा खिडकीची काच कापत होता. हात थरथरला आणि काच भलतीकडेच तडकली.

“हात का थरथरतोय?”

“पंख्याचा वारा लागतो.”

पंखा बंद होता. दोघांनीही वर पाहिलं नाही.

“आकडे वाईट आलेत, दादा.”

“मग तीन चमचे घेतो.”

“छत्री उघडून विहिरीत उडी मारण्यातला प्रकार झाला हा. चल माझ्याबरोबर.”

लॅबमध्ये शिकाऊ लोकांसाठी ठेवलेली एक जुनी काचपट्टी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. कुणा पिणाऱ्याच्या यकृताचा तुकडा होता. गुलाबी पेशींत जागोजागी पांढरी भोकं.

“हे बुडबुडे कसले?”

“चरबीचे. पिणं थांबलं तर जातात. पुढे व्रण धरले की मात्र सहसा जात नाहीत.”

दादा बराच वेळ डोळा लावून उभा राहिला. मग न हलता म्हणाला, “मी थांबून पाहिलं होतं गं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागले. तुझ्या वहिनीलासुद्धा बोललो नाही. परत प्यायलो आणि येताना टॉनिक घेऊन आलो.”

बहिणीनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. इतकी वर्षं ती त्याला नुसता हट्टी समजत आली होती.

त्याच दिवशी तिनं आणि वहिनीनं त्याला डॉक्टरांकडे नेलं. “असं एकट्यानं, एकदम बंद करणं जिवावर बेततं,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याला दाखल करून घेतलं. पहिले तीन दिवस तो खाटेच्या कडेला बसून चादर मुठीत धरायचा आणि सोडायचा. नवव्या दिवशी घरी आला. पुढच्या तपासणीत व्रण नुकते धरू लागलेले दिसले, पण अजून यकृताच्या थोड्याच भागात.

दुसऱ्या महिन्यात एकदा त्याचा तोल गेला आणि तो प्यायला. सकाळी त्यानं स्वतःच बहिणीला फोन करून सांगितलं. चौथ्या महिन्यात आकडा सहापटीवरून दुपटीवर आला.

संध्याकाळी मात्र अजून त्याला घर खायला उठतं. मग बहीण येते आणि दोघं रस्त्यानं भराभर चालत सुटतात.

“किती चालायचं अजून?” तो विचारतो.

“पाय दुखले का?”

“नाही.”

“मग चल.”