खोडलेलं पान

मी वेसाव्याची सोनूबाई. मासे विकते आणि तोंडाने फटकळ आहे, बाजारात कोणालाही विचारा. मृणालिनी मॅडम माझं अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. अंधेरीच्या कॉलेजात बी.एड.च्या पोरापोरींना शिकवतात, मुलं कशी वाढवावीत यावर त्यांची सात पुस्तकं आहेत. एवढी शिकलेली बाई, पण पापलेट ताजं की शिळं ते अजून मलाच विचारते.

गेल्या वर्षी माझ्या कल्पिताच्या शाळेत पालकसभा झाली. पोरगी सातवीत. तिच्या वर्गाच्या रुचिराबाई मॅडमच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी सगळ्यांसमोर मॅडमचं पुस्तक उघडून वाचलं, ‘मुलांना धंद्याच्या कामाला लावणारे पालक त्यांचं बालपण चोरतात.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘कल्पिताच्या हातांना कोळंबीचा वास येतो.’

चार बाया हसल्या. माझ्या शेजारी उभ्या कल्पिताने हात पाठीमागे लपवले.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत जाईना. समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. तिचं एकच, ‘तुला चोर म्हणतात तिथे मी नाही जाणार.’ दहा दिवस झाले. आमच्या घरात दहावीपर्यंत कोणी पोचलं नाही, ही पोचेल अशी माझी आशा होती. आता ती पण गेली असं वाटून अन्न गोड लागेना.

रविवारी मॅडम आल्या तशी मी कोयता खाली ठेवला. म्हटलं, ‘तुम्हाला मासे देणार नाही. आधी पुस्तकातलं ते पान फाडा.’ आणि सगळं ओकले. वाटलं, आता दोन इंग्रजी शब्द फेकून चालत्या होतील.

पण मॅडम उलट्या टबवर बसल्या आणि कोळंबी सोलणाऱ्या कल्पिताकडे बघत राहिल्या. मग तिला म्हणाल्या, ‘मला शिकवशील?’

पहिल्या कोळंबीची त्यांनी पार वाट लावली. दुसरीचीही. दहा दिवसांत पोरगी पहिल्यांदा हसली. मॅडमचा हात धरून म्हणाली, ‘जोर नका लावू ना. पाठीतला काळा दोरा हळूच ओढा, सगळा येतो.’

‘सोनूबाई,’ मॅडम म्हणाल्या, ‘ते पान मी माझ्या घरात बसून लिहिलं. आधी इथे येऊन बसायला हवं होतं. चुकलं माझं.’ जाताना अर्धा किलो कोळंबी न सोलता घेऊन गेल्या.

सोमवारी त्या आमच्याबरोबर शाळेत आल्या. रुचिराबाई गडबडून उभ्या राहिल्या. मॅडमनी त्यांच्याकडचं पुस्तक मागून घेतलं, त्या पानावर आडवी रेघ मारली, खाली सही केली. म्हणाल्या, ‘लिहिण्यात मी चुकले. मुलीला सर्वांसमोर लाजवलंस, ते तुझं चुकलं.’ मग वर्गाकडे वळून कल्पिताची माफी मागितली. तीस वर्षं शिक्षक घडवणारी बाई सातवीतल्या पोरांसमोर उभी राहून माफी मागत होती. मला रडू फुटलं, त्यात लाज कसली?

कल्पिता मात्र दारातच उभी. हात अजून पाठीमागे.

मॅडमनी आपले हात तिच्यापुढे धरले. ‘काल घरी जाऊन सगळी मीच सोलली. चारदा हात धुतले, वास जात नाही. तू काय करतेस गं?’

‘लिंबू चोळायचं,’ कल्पिता म्हणाली. ‘तरी थोडा राहतो.’

‘मग राहू दे.’

पोरगी आपल्या बाकावर जाऊन बसली. दोन्ही हात बाकावर ठेवले आणि वही उघडली.