मानाचं वजन

निजामाच्या राज्यात जालन्याच्या छावणीच्या माळावर दरसाल घोड्यांची शर्यत व्हायची. कायदा साधा होता. जो घोडा जोरदार, त्याच्या खोगिरात शिशाची पिशवी जड. म्हणजे तगडं आणि मरतुकडं दोन्ही बराबर यावं. ही छावणीतल्या गोऱ्या साहेबांची अक्कल. आमच्या लोकांनी त्यातून भलतीच अक्कल काढली: जास्त वजन म्हणजे जास्त मान. जड पिशवी ज्या गावाला, त्या गावच्या बाया तिला हळदकुंकू लावायच्या. ओझ्याला हात जोडणारी माणसं, दुसरं काय.

परतूरच्या वाटेवर रखमाजीचं गाव. त्याची घोडी चंद्री लागोपाठ जिंकत आल्ती, म्हणून जड पिशवी तिचीच. तिच्यावर त्याचा धाकटा भाऊ कडूबा बसायचा. त्या साली निघायच्या सकाळी कडूबानं घोडीच्या पुढच्या पायावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"दादा, पाय तापून राह्यला."

"ऊन हाय."

"ऊन एकाच पायाला लागतं व्हय?"

रखमाजीची बायको झुंबरबाई दारातून म्हणाली, "यंदा राहू द्या की. न्हाई पळाली तर काय आभाळ कोसळतंय? भावजींच्या जिवाचं तरी बघा."

"तू चूल बघ," रखमाजी म्हणाला.

माळावर वजन देणाऱ्या मुन्शीनं घोडी चालवून बघितली. मान हलवली. "रखमाजी, जनावर थकलं. यंदा हलकी पिशवी घ्या. जड पिशवी शेजारगावच्या पाटलाच्या घोड्याला."

पाटलाचा पोरगा बद्रीनाथ शेजारीच उभा होता. "घ्या की मामा हलकी. पिकल्या पानाला वारा बी जड."

भोवतालचे हसले. रखमाजीचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"मुन्शीजी, मी काय भीक मागायला आलो का? माझ्या घोडीचं वजन मला द्या."

"अहो, हलकं तुमच्याच फायद्याचं."

"फायदा पाटलाला द्या. जड पिशवी माझी."

मुन्शीनं कडूबाकडं पाहिलं. बसणार तो होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. पण थोरल्या भावापुढं तो जन्मात बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. लोक याला आदर म्हणतात. मी गुलामी म्हणतो.

निशाण पडलं. वळणापर्यंत चंद्री सगळ्यांच्या पुढं होती आणि गाव तिच्या नावानं ओरडत होतं. मंग तिचा पाय मोडला. कडाडकन झालेला आवाज माळाच्या या टोकाला ऐकू आला. ती कडूबासकट आडवी झाली. उठायला बघायची, आणि दरवेळी त्याच्याच अंगावर पडायची.

गाडीत कडबा पसरून कडूबाला निजवलं. परतूरच्या वाटेला लागले तेव्हा तो पाणी मागत होता. ओढ्याजवळ आल्यावर मागायचा थांबला.

रखमाजीनं बैल थांबवले नाहीत. थांबवले असते तर मागं वळून बघावं लागलं असतं.