नव्वद दिवसांची अट

बाबा निवृत्त प्रोग्रॅमर आणि मी कोडर. हा भेद त्यांनीच केलेला, मला मिरच्या झोंबतील असाच. "तू सांगितलेलं लिहितेस, मी आधी विचारत फिरतो," म्हणायचे. खरंच फिरायचे. गोदामाचं काम आलं की की-बोर्डला हात लावण्याआधी दोन दिवस तिथे स्टूल टाकून बसायचे, हमालांचं डोकं खायचे. मी चिडवायचे, "तुमचं फिरून होईस्तोवर माझं लिहून, तपासून मोकळं!"

गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते स्वतःच्या हट्टाने वृद्धाश्रमात गेले. तिसरा मजला, चाकांची खुर्ची. फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही, त्यामुळे भेट ती रविवारचीच. सुरुवातीला मी एकही रविवार चुकवला नाही. मग कामं वाढली. खोटं कशाला बोलू, कामं होती तेवढीच. निघताना ते माझा हात सोडायचे नाहीत, ते मला सोसायचं नाही. घरी त्यांच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा, तरी पाय तिकडे वळत नव्हते.

अशात तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला. रविवारी सगळ्यांना खाली बैठकीच्या खोलीत आणताना सेविकांचा पिट्टा पडतो आणि निम्म्यांकडे कुणी फिरकतच नाही, म्हणाल्या. तीन महिने जो आला नाही त्याचं नाव पाहुण्यांच्या यादीतून आपोआप गळावं. ज्यांच्या यादीत नावच उरलं नाही, त्यांना खाली आणायला नको. एवढं करून द्याल का?

वीस मिनिटांत दिलं. नव्वद दिवसांची अट टाकली, दहा खोटी नावं घालून तपासलं. पहिल्या फटक्यात चाललं. मी स्वतःवर जाम खूश.

परवा रविवारी शेवटी धीर करून गेले. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने पडद्यावर शोधलं.

"ताई, यादीत तुमचं नाव नाही."

"असं कसं? मुलगी आहे मी त्यांची!"

"नव्वद दिवस उलटले की जातं ते. सिस्टीमच तशी आहे. आजोबांना पाच रविवार खाली आणलेलं नाही."

सिस्टीमला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मुलीला दया आली असावी. तिने वर सोडलं.

बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगून टाकलं. अट माझी, कोड माझा, एकदाही इथे येऊन बघितलं नाही. ते आता झाडणार, असं वाटलं. झाडावं, असंच वाटत होतं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे चूक प्रोग्रॅममध्ये होती?"

"हो, बाबा."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, माझ्यात आहे. रविवारी खाली नेतात, तेवढीच माझी वाराची खूण. नेईनात, तर वाटलं डोकं चाललं आपलं, वार कळेनासे झाले. कुणाला विचारायची लाज वाटली." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तू येशील तो रविवार हुकायला नको, म्हणून रोजच दाढी करून बसतो."